एवाल्ड आणि आत ओढलेला होकार

आमच्या टालसेलेत नाही म्हणायला माणूस तोंड उघडतो, हो म्हणायला उघडत नाही. हो म्हणायचं झालं की ओठांचा चंबू करायचा आणि हवा आत ओढायची, श्शुप्. झालं काम. दक्षिणेकडून बदली होऊन आलेला मास्तर पहिल्या आठवड्यात घाबरून जातो, त्याला वाटतं सगळ्या वर्गालाच दमा आहे. दुकानदार सिक्स्टनच्या लग्नात नव्या पाद्र्याने विचारलं, इंगेगेर्डला पत्नी म्हणून स्वीकारतोस का, तर याचं आपलं श्शुप्. पाद्र्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी इंगेगेर्डच वैतागून म्हणाली, "स्वीकारलंय हो त्याने, तुम्ही पुढचं वाचा."

एवाल्ड बुरवाल हा याच गावचा मेकॅनिक. बाप लाकूडतोड्या होता. एवाल्ड चौदाव्या वर्षी त्याच्यामागोमाग जंगलात गेला खरा, पण कुऱ्हाडीपेक्षा त्याचं मन रमलं यंत्रात. बारा वर्षं त्याने करवतीची यंत्रं आणि ओंडके ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त केले, तेही यंत्र चालू ठेवून, त्याला कान लावून. तेव्हा कानावर काही घालायचं असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. मग छप्पन साली गावची डेअरी बंद पडली तेव्हा ती रिकामी इमारत त्याने घेतली आणि वर्कशॉप थाटलं. भिंतींना अजून दुधाच्या काळातल्या पांढऱ्या फरश्या आहेत. त्या तो दर शनिवारी पुसतो. गाड्यांचा दवाखाना म्हणा ना.

दवाखाना म्हणायला आणखीही कारण आहे. एवाल्ड बॉनेट शेवटी उघडायचा. आधी माणूस उघडायचा. गाडी आत आली की तो तिच्या तोंडाशी उभा राहायचा, गिऱ्हाइकाकडे पाठ, नजर गाडीवर, आणि प्रश्न विचारायचा. बहुधा तीनच. समोरच्या काळ्या दारावर खडूने रेघा मारायचा. हो असेल तर उभी रेघ, नाही असेल तर आडवी. तीन रेघा झाल्या की मान हलवायचा आणि सांगायचा, अमुक बिघडलंय, उद्या न्या. तीस वर्षांत तो चुकला असेल तर दोनदा, आणि त्यातल्या एकदा गिऱ्हाईक खोटं बोललं होतं.

त्याचा खरा हातखंडा म्हणजे तापणारी गाडी. बाकीचे मेकॅनिक तापलेल्या गाडीला वचकून असतात, कारण कारणं बरीच आणि लक्षण एकच, काटा लाल रेघेवर. एवाल्ड म्हणायचा, त्यात अवघड काय आहे? पाणी कमी असेल, नाहीतर पाणी फिरत नसेल, नाहीतर वारा लागत नसेल, नाहीतर इंजिनच आतून फुटलं असेल. चारच घरं आहेत. चोर कुठल्या घरात शिरलाय ते शेजाऱ्यांना विचारायचं, चारही घरांची कौलं कशाला उतरवायची!

मे महिन्यात तर त्याला प्रश्नही विचारावे लागत नसत. हिवाळ्यात आम्ही सगळेच रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतो, गार वाऱ्याने इंजिन आखडू नये म्हणून. लावताना लक्षात असतो, काढताना नसतो. मग बर्फ वितळलं, ऊन पडलं की अर्ध्या गावाच्या गाड्या चर्चच्या चढावर वाफा सोडत उभ्या. एवाल्ड दरवर्षी एक मे रोजी डेअरीच्या भिंतीवर पाटी लावायचा, "पुठ्ठा काढला का?" लोक पाटी वाचून हसायचे, पुढे जायचे आणि चढावर गाडी तापवायचे. आता याला काय म्हणावं!

तर अशा माणसाचं सत्याऐंशीच्या हिवाळ्याआधी काहीतरी बिनसलं.

सुरुवात सिक्स्टनच्या गाडीपासून झाली. दुकानाची माल आणायची गाडी, तापायला लागली होती. एवाल्डने नेहमीसारखं पाठ करून विचारलं, उभी असताना काटा चढतो का? मागून काही आवाज आला नाही. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, हे ध्यानात ठेवा. हो ला श्शुप् लागतो; नाही म्हणायचा कंटाळा आला की कोणी नुसती मान हलवतो, तेव्हा श्शुप् नाही म्हणजे नाही. एवाल्डने आडवी रेघ मारली. उभी असताना चढत नाही म्हणजे पंख्याचा दोष नाही, म्हणून त्याने थर्मोस्टॅट बदलला. दोन दिवसांनी सिक्स्टनची गाडी दुकानासमोर माल उतरवताना उभ्या उभ्या उकळली. पंखाच गेला होता.

मग वनरक्षक हेल्मरची गाडी. पाणी कमी होत होतं आणि खाली तर थेंब पडत नव्हता. एवाल्डने विचारलं, आत बसल्यावर पायाशी ओल लागते का? पुन्हा मागे शांतता. आडवी रेघ. एवाल्डने अख्खा रेडिएटर बदलला. आणि गळत होता गाडीतला हीटर, पायातल्या गालिच्याखाली. हेल्मरचे मोजे महिनाभर ओले होते.

कोणी तक्रार केली नाही. टालसेलेत तक्रार करत नाहीत, नुसते यायचे बंद होतात. नाताळपर्यंत तिघेचौघे चाळीस किलोमीटरवरच्या शहरात गाड्या न्यायला लागले, आणि एवाल्ड रस्त्यात दिसला की टोपी सारखी करायच्या निमित्ताने दुसरीकडे बघायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

एवाल्डला वाटलं, आपलं डोकं चाललंय. आणि असं वाटायला कारण होतं. त्याचा बाप शेवटची चार वर्षं खिडकीशी बसून असायचा आणि पोटच्या पोराला ब्रुंटे म्हणून हाक मारायचा. ब्रुंटे हा त्यांचा ओंडके ओढणारा घोडा, मरून तीस वर्षं झाली होती. एवाल्ड त्या वेळी हाकेला ओ द्यायचा, बापाच्या समाधानासाठी. आता त्रेसष्टाव्या वर्षी ते खिडकीजवळच्या खुर्चीचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कॉफी पिताना तो मनातल्या मनात गावातल्या गाड्यांचे नंबर म्हणून बघायचा. सगळे बरोबर यायचे. तरी मन खाई ते खाईच. नंबर आठवतात आणि साधा पंखा ओळखता येत नाही, म्हणजे किडा नेमका विद्येलाच लागलाय, असं त्याने ठरवून टाकलं.

बायकोला, त्युराला, त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्युरा पार दक्षिणेची, स्कोनेची. पस्तीस वर्षं इथे राहून तिला आमचा श्शुप् कधी जमला नाही. तिचं हो म्हणजे घरभर ऐकू जाणारं, भरल्या तोंडाचं हो. घरात तिच्याशी बोलताना एवाल्डचं काहीच अडत नव्हतं, तिने हाक मारली की तो येत होता, तिने टोमणा मारला की त्याला तो लागत होता. मग कोणाला आणि कसली शंका येणार?

जानेवारीत त्याने एक पुठ्ठा घेतला, त्यावर काळ्या रंगाने लिहिलं, "१ फेब्रुवारीपासून वर्कशॉप बंद," आणि दारावर ठोकला. त्युराने वाचलं. कारण विचारलं. तो म्हणाला, गुडघे. तिने विचारलं, गुडघ्यांना काय झालं? तो म्हणाला, दुखतात. जन्मात कधी गुडघ्यांचं नाव न काढलेला माणूस! आमच्याकडे कॉफीत चीजचे तुकडे टाकून पितात, आणि त्या दिवसापासून त्युराच्या हातून त्याच्या कपात ते जरा जास्तच पडायला लागले. ते त्याला दिसत होतं, आणि त्यामुळे तर त्याला जास्तच रडू यायचं.

बंद व्हायला दोन दिवस उरले होते आणि उणे एकतीस तापमान होतं, तेव्हा मायव्होरची गाडी आली. मायव्होर रेनलुंड ही आमची नर्स. वय अठ्ठावन्न, एवाल्डच्या धाकट्या बहिणीची बाकावरची मैत्रीण. रोज सात वाड्यांवर सात म्हातारे-म्हाताऱ्या, कोणाचं इन्सुलिन, कोणाची जखम, कोणाचा नुसताच एकटेपणा. आदल्या दुपारी तिची गाडी एडला म्हातारीच्या वाटेवर तापून बंद पडली. काटा लाल, बाहेर डोळ्यांतलं पाणी गोठेल अशी थंडी, आणि बॉनेटखालून वाफ. बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरने तिला एडलाकडे पोचवलं, आणि गाडी ओढत आणून डेअरीत ठेवली. रात्रभर गाडी उबेत राहिली.

सकाळी मायव्होर पायाने रेटायच्या घसरगाडीवरून आली, गालावर हिमाचे पांढरे डाग घेऊन. एवाल्ड गाडीच्या तोंडाशी उभाच होता. खरं तर गेला महिनाभर त्याने प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं, मुकाट्याने सगळं खोलून बघत होता. पण ही बहुधा शेवटची गाडी. म्हटलं, एकदा नीट करू, आपल्या पद्धतीने.

त्याने पाठ करून विचारलं, थंडी जितकी जास्त तितकी लवकर तापते का?

थोडा थांबला. आडवी रेघ मारली.

गाडी थांबवून थोडा वेळ गेला की काटा आपोआप खाली येतो का?

थांबला. आडवी रेघ.

सप्टेंबरात कूलंट मी स्वतः भरलं होतं, उणे चाळीसला टिकेल असं. त्यानंतर कोणी त्यात पाणी घातलंय का?

याला तो जरा जास्त थांबला. मग तिसरी आडवी रेघ मारली आणि खडू खाली ठेवला. तीनही नाही. म्हणजे राहिलं एकच घर, इंजिन आतून फुटलंय. हेड गॅसकेट. तो मान न वळवता म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, पाच दिवस जातील, आणि पुढच्या पाच दिवसांची सोय तू शहरातून कर.

मायव्होर दाराकडे बघत होती. तिने काही रेघांचा अभ्यास केला नव्हता, पण तीस वर्षं या वर्कशॉपमध्ये येत होती. उभी म्हणजे हो आणि आडवी म्हणजे नाही एवढं तिलाही ठाऊक होतं. आणि ती तिन्ही वेळा हो म्हणाली होती.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, अरे हो म्हटलं ना मी! पण ही पडली नर्स. आयुष्यभर लोकांची दुखणी त्यांच्याकडून काढून घेण्यात गेलेली. एवाल्ड अजून पाठमोराच होता. ती दोन पावलं पुढे झाली आणि नेहमीच्या आवाजात, हळूच म्हणाली, "कॉफी." एवाल्ड लगेच वळला. म्हणाला, त्युराने थर्मास ठेवलाय, घे की. ती म्हणाली, नंतर. तो पुन्हा गाडीकडे वळला. मग तिने त्याच्या उजव्या कानामागे हात नेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. एवाल्ड ढिम्म. डाव्या कानामागे घासलं. ढिम्म. मग ती अगदी त्याच्या खांद्याशी आली आणि तिने चांगला जोरात, घोड्याने पाणी प्यावं तसा, श्शुप् केला.

एवाल्ड रेडिएटरच्या पाइपांच्या क्लिपा शोधत होता. तो शोधतच राहिला.

मायव्होरने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. तिने विचारलं, किती दिवस चाललंय हे? एवाल्डला वाटलं, झालं, हिला कळलं. तो स्टुलावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सिक्स्टनचा पंखा, हेल्मरचे मोजे, बापाची खुर्ची, ब्रुंटे. सांगताना हातातलं फडकं पिळत होता. शेवटी म्हणाला, गुडघे ठणठणीत आहेत माझे.

"एवाल्ड," मायव्होर म्हणाली, "तुझं डोकंही ठणठणीत आहे. कान गेलेत. आणि तेही पुरते नाही. बोललेलं तुला ऐकू येतं, पण बारीक आवाज गेलेत. श्वास गेलाय. आख्ख्या गावाचं नाही तुला ऐकू येतं, नुसतं हो ऐकू येत नाही."

एवाल्डने हातातलं फडकं खाली ठेवलं. चुलीतलं लाकूड तडतडत होतं, ते मात्र त्याला ऐकू येत होतं. मग तो रडायला लागला. आमच्याकडे पुरुष रडत नाहीत असं म्हणतात, पण ते म्हणणारे लोक एवाल्डच्या डेअरीत त्या सकाळी नव्हते. खुर्ची गेली, खिडकी गेली, घोडा गेला. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा या बाईने बोटाला अंगठा घासून उतरवला होता. बहिरं झाल्याचा एवढा आनंद जगात कोणाला झाला नसेल.

मायव्होरने थर्मासमधली कॉफी ओतली, त्याच्या हातात दिली. स्वतः गाडीच्या बाजूला, त्याच्या समोर उभी राहिली.

"आता विचार," ती म्हणाली. "तेच तीन."

त्याने नाक पुसलं आणि विचारलं. थंडी जितकी जास्त तितकी लवकर तापते का?

"हो," मायव्होर म्हणाली. तोंड उघडून, स्कोनेच्या बाईसारखं. म्हणताना तिलाच कसंसं झालं, भर बाजारात गाणं म्हटल्यासारखं.

थांबवून थोडा वेळ गेला की काटा खाली येतो?

"हो."

कोणी पाणी घातलंय?

"हो," म्हणाली, आणि मग एकदम हसायलाच लागली. "सगळ्यांनी."

ते असं झालं होतं. ऑक्टोबरात तिला दिसलं की गाडी थोडं थोडं पाणी पितेय. एडलाकडे ती सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी नव्वदीची एडला ओगराळं घेऊन अंगणात उभी, विहिरीचं पाणी, वर कोमट केलेलं. मायव्होर कोणाकडून काही घेत नाही. नोकरीचा नियमच तसा. लोकर नको, जॅम नको, मासा नको. म्हाताऱ्यांना ते किती लागायचं! जखमा धुवायला येणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं म्हणजे काय? पण पाणी ही काही भेट नव्हे. एडलाने फोनवरून पुढच्या वाडीला सांगितलं, पुढच्या वाडीने त्याच्या पुढच्या. महिन्याभरात सातही अंगणांत ओगराळी. कूलंटमध्ये पाणी घालू नये हे त्या सातही जणांना चांगलं ठाऊक होतं, पन्नास हिवाळे काढलेली माणसं ती. पण प्रत्येकाला वाटायचं, माझं आपलं एकच ओगराळं, एवढ्याने काय होतंय!

एवाल्ड केव्हाच उठला होता. त्याने काचेचं मापक रेडिएटरमध्ये बुडवलं, वर धरलं, उजेडात बघितलं. उणे चाळीसला टिकणारं त्याचं कूलंट आता उणे तेरालाच गोठण्याजोगं झालं होतं. तो म्हणाला, तुझी गाडी तापली नाही मायव्होर, गोठली. वाऱ्याने रेडिएटरमधल्या पाण्याचा बर्फाचा लगदा व्हायचा, पाणी फिरायचं थांबायचं, आणि मागे इंजिन एकटंच उकळत बसायचं. थांबलीस की इंजिनच्या उबेने लगदा वितळायचा, काटा खाली. रात्रभर इथे उबेत राहिली, सगळा पुरावा विरघळून गेला. तू हो म्हणाली नसतीस तर मी चांगलं इंजिन पाच दिवस फाडत बसलो असतो.

इंजिन उतरवायचं काम नव्हतं. एका पाइपाची क्लिप सैल होती, ती त्याने आवळली. सगळं पाणी काढलं, धुतलं, नवं कूलंट भरलं. दुपारच्या जेवणाआधी गाडी तयार होती. काढलेलं पाणी बादलीत ओतताना मायव्होर त्याच्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, सात जणांनी तीन महिने मला धन्यवाद म्हटलेत ते हे, ओतवत नाही रे. एवाल्ड म्हणाला, ओत, नाहीतर उद्या पुन्हा चढावर बसशील. तिने ओतलं.

काळ्या दारावरच्या तीन आडव्या रेघा पुसून एवाल्डने तीन उभ्या ओढल्या. मग बाहेर जाऊन त्याने तो बंदचा पुठ्ठाही काढला आणि कपाटामागे टाकला. संध्याकाळी त्युराला सगळं सांगितलं. ती आधी त्याच्यावर चिडली, दोन महिने एकट्याने कुढत बसलास म्हणून, मग रडली, मग म्हणाली, पस्तीस वर्षं तुम्ही सगळे हसत होतात ना माझ्या हो ला? आता?

नर्सला दुसऱ्याचं दुखणं गावभर करता येत नाही. मायव्होरने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. तिने फक्त फेरीवर असताना, दुकानात पाव घेताना, चर्चच्या दारात एवढंच सांगितलं, की एवाल्डकडे गाडी नेलीत तर हो म्हणायचं ते तोंडाने. का ते कोणी विचारलं नाही. आमच्याकडे का म्हणून विचारत नाहीत, एवढी एक गोष्ट आमच्यात खरंच चांगली आहे.

आणि काय सांगू, लोकांनी म्हटलं हो! हेल्मर आला, गाडीशी उभा राहिला, एवाल्डने विचारलं, आणि त्या सहा फुटी माणसाचे कान लाल झाले, पण तो म्हणाला, "हो." डाकवाली आली, ती डोळे मिटून म्हणाली. शाळेचा शिपाई घरून सराव करून आला होता म्हणे. शहरात गेलेले तिघेचौघे एकेक करून परत आले. एवाल्डच्या रेघा पुन्हा खऱ्या निघायला लागल्या.

मार्चमध्ये सिक्स्टन आला. गाडी पुन्हा तापत होती, इंगेगेर्ड शेजारच्या सीटवर बसलेली. एवाल्डने विचारलं, चढावर जास्त तापते का? सिक्स्टनने छाती भरून घेतली आणि असं खणखणीत हो म्हणाला की डेअरीच्या फरश्या दणाणल्या. मग गाडीची काच खाली आली.

"एकतीस वर्षं मी त्या शब्दाची वाट बघतेय," इंगेगेर्ड म्हणाली, "आणि तो मिळाला रेडिएटरला."

सिक्स्टन खाली वाकला, काचेत तोंड घातलं आणि तिलाही म्हणाला. हळू, पण आवाजाने. एवाल्डने बॉनेटमध्ये डोकं घालून घेतलं, आणि गरज नसताना बराच वेळ घातलेलंच ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी शहरातल्या इस्पितळातून एवाल्डची कानाची यंत्रं आली, घेवड्याच्या दाण्याएवढी. पहिल्या दिवशी त्याला स्वतःच्या बाहीचा आवाज ऐकू आला, कॉफी गाळणीतून पडते तो ऐकू आला, छपरावरून ठिबकणारं बर्फ ऐकू आलं. दुकानातून येताना दोन बायका बोलत होत्या, त्यातल्या एकीने श्शुप् केला, तो एवाल्डने रस्त्याच्या पलीकडून ऐकला आणि तिथेच उभा राहिला. वर्कशॉपमध्ये मात्र तो टोपी कानांवर ओढून बसायचा, यंत्रं दिसू नयेत म्हणून.

एक मेला त्याने कपाटामागून तो बंदचा पुठ्ठा काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, "पुठ्ठा काढला का?" तो भिंतीवर लावत असताना मायव्होर तेल बदलायला आली. टोपीखालून डोकावणारं यंत्र तिला लगेच दिसलं. तिने विचारलं, नीट ऐकू येतं का? तो म्हणाला, सगळं येतं, नको तेही येतं. ती म्हणाली, मग आता लोकांना सांगायला हवं, बिचारे अजून घसा खरवडतायत.

एवाल्ड आत गेला, तिच्या गाडीच्या तोंडाशी उभा राहिला, जुन्या सवयीने पाठ करून. हात पुसत राहिला. मग म्हणाला, "नको सांगूस. तीस वर्षं मी यांच्या गाड्या केल्या. कोणी कधी तोंडाने काही म्हटलं नाही, आणि कोणी म्हणावं असं मला वाटलंही नाही. पण आता आत येतात, लाजतात आणि माझ्यासाठी तोंड उघडतात. दिवसातून पाच-सहा वेळा कोणीतरी मला मोठ्याने हो म्हणतं, मायव्होर. फार बरं वाटतं गं. आणि हे सगळं तुझ्यामुळे आहे, तेही एकदा बोलायचं राहिलं होतं. तर एवढं आपल्यात ठेवशील?"

मागे मायव्होरने ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली, अगदी हळू, जेमतेम.

एवाल्डने खडू उचलला आणि काळ्या दारावर एक उभी रेघ ओढली.